शून्य आलं तर

दिवाडीच्या खाजनात, बांधाच्या कुशीला,
मानशीच्या दाराजवळ पत्र्याची एक खोली आहे.
आत तीन डबे. दर मिनिटाला तिघांनी सांगायचं :
दार उघडं, की बंद.
चौथा डबा बावळट, त्याला फक्त हात मोजता येतात.
दोन हात ज्या बाजूला, दार त्या बाजूला.

तिघांचे प्रोग्रॅम तीन जणांनी लिहिले.
कुडतरीचा लिगोरियो, म्हापशाची सुगंधा, वाळपईचा रझाक.
मी पाटोवरच्या ऑफिसातून दीड पानाचं टिपण पाठवलं
आणि अट घातली, एकमेकांशी बोलायचं नाही.
भाषा वेगळी घ्या, यंत्र वेगळं घ्या,
चुकायचंच तर ज्याने त्याने आपापली चूक करावी,
शेजाऱ्याची उसनी आणू नये.
लिगोरियो फोनवर हसला,
आमच्याकडे लग्नाची बोलणीसुद्धा इतकी चोरून होत नाहीत.

आषाढात एकदा, बरोबर मध्यरात्री,
तारीख उलटताना सुगंधाचा हिशेब अडखळला.
तिचा डबा म्हणाला, उघडा.
बाकी दोघे म्हणाले, बंद.
दार बंद राहिलं. बाहेर नदी दाराला खांदा लावून उभी,
आत बेडूक ओरडत होते नेहमीसारखे.
सकाळी मी नोंदवहीत लिहिलं :
काही झालं नाही.
हे एवढं वाक्य लिहिता यावं म्हणून
आठ महिने खर्ची पडले होते.

आश्विनातली अमावास्या.
कापणीला नऊ दिवस.
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी तिघेही म्हणाले,
उघडा.
एकमताने.
चौथ्या डब्याला इतकं सोपं काम कधीच पडलं नव्हतं.

पहाटेच्या फेरीने मी पोचले तेव्हा
आसुंतीना कुणगीत उभी होती, गुडघाभर पाण्यात.
तिने बोट बुडवलं, जिभेला लावलं, थुंकली.
मला काही बोलली नाही.
कोरगुट खारं सोसतं.
सोसतं म्हणून किती?

पाण्याची उंची मोजायच्या नळीत कालवं वाढली होती,
तोंडापर्यंत, दाटीवाटीने, बिनभाड्याची.
तार वर पाठवत राहिली : शून्य. शून्य. शून्य.
आणि ऐन उधाणाच्या त्या रात्री
तीन डब्यांत, तीन भाषांत,
मांडवी कोरडी पडली.

मग तिघांचं लिखाण टेबलावर पसरलं.
सुगंधाने प्रत्येक आकड्याला माशाचं नाव दिलेलं,
शेवटो, चोणक, मुडदुशी,
लिगोरियोचं सगळं आखूड, श्वास घ्यायला जागा नाही,
रझाकचं लांबलचक, प्रत्येक पायरीवर थांबून बोलणारं.
कुणी कुणाचं पाहिलेलं नाही, शपथेवर सांगते.
तरी त्या एका जागी तिघांचे पाय
एकाच खड्ड्यात.
खड्डा माझ्या दीड पानात होता.
मी लिहिलं होतं, पाणी नसेल तर दार उघडं.
उत्तरच नसेल तर काय,
ते लिहिलं नव्हतं.
आणि नळी तर एकच.
तिघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं मी,
खिडकी मात्र सगळ्यांना एकच दिली.

एवढ्यावर मी कागद आवरणार होते.
पण रझाकच्या एकशे बाराव्या ओळीशेजारी
यंत्र वाचत नाही अशी एक कॉमेंट होती, माणसासाठी ठेवलेली :
शून्य आलं तर? मॅडमना विचारायला हवं.

फोन केला. मग विचारलं का नाहीस?
तो बराच वेळ गप्प.
मागे कुणीतरी पंप सुरू करत होतं, तो घरघरून बंद पडला.
मला वाटलं, तो म्हणाला,
विचारणंही बोलण्यातच धरलंय.

आता नव्या टिपणाचं पहिलं पान माझ्यासमोर आहे.
नळ्या तीन मागवल्यात, तीन दुकानांतून.
डबे तेच. अट तीच, एकमेकांशी बोलायचं नाही.
खाली जागा सोडली आहे.
तिथे काय लिहायचं ते मला ठाऊक आहे,
फक्त एकशे बाराव्या ओळीसमोर बसून
ते लिहायला हात उचलत नाही.